दारातली शेळी आणि माल्टाचा ताप

गेल्या पावसाळ्यात आमच्या वॉर्डात एक शेतकरी दाखल झाला. वय अडतीस, तीन महिने ताप. हा ताप सलग नव्हता. आठ-दहा दिवस यायचा, मग उतरायचा, माणूस शेतावर जायला लागायचा आणि पुन्हा एका संध्याकाळी अंग तापायचं. रात्री घाम इतका की बायको दोनदा अंथरूण बदलायची. कंबर धरलेली, सांधे दुखणारे, वजन नऊ किलोंनी उतरलेलं. सोबतची फाइल चांगली जाडजूड होती. दोन वेळा टायफॉइडचे उपचार झाले होते, एकदा मलेरियाचे, आणि शेवटी कुणीतरी टीबीच्या गोळ्या सुरू करण्याचा सल्ला दिला होता.

आम्हीही पहिले दोन दिवस त्याच वाटेनं गेलो. छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी, डेंग्यू, पुन्हा एकदा विडाल. तिसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी आमच्या एका निवासी डॉक्टर मुलीनं विचारलं, ‘‘काका, घरी जनावरं किती?’’ दोन म्हशी आणि सात शेळ्या. ‘‘यंदा कुठली गाभडली का?’’ रुग्ण आठवू लागला. उत्तर स्टुलावर बसलेल्या त्याच्या बायकोनं दिलं, ‘‘पाडव्यानंतर दोन शेळ्या गाभडल्या की. एकीची वार पडंना, ती यांनीच हात घालून काढली.’’

त्या एका वाक्यानं निदान जवळजवळ झालं. रक्ताच्या तपासणीनं ते पक्कं केलं. आजाराचं नाव ब्रुसेलोसिस.

ती मुलगी गावाकडची होती, म्हणून तिला ‘गाभडली का’ हा प्रश्न सुचला, असं मी राउंडनंतर इतरांना सांगितलं. स्वतःबद्दलची एक गोष्ट मात्र तेव्हा सांगितली नाही, ती इथे सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी पशुसंवर्धनाचं काम करणारा एक कर्मचारी माझ्याकडे पाठदुखी आणि ताप घेऊन आला होता. मणक्याच्या फिल्ममध्ये बिघाड दिसत होता. मी मणक्याचा क्षय ठरवला आणि त्याची औषधं सुरू केली. त्याला बरं वाटू लागलं. माझं निदान बरोबर आलं, असं मी समजलो. वास्तविक क्षयावरची रिफाम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही दोन्ही औषधं ब्रुसेलावरही चालतात. त्यामुळे आजार दबला होता, गेला नव्हता. काही महिन्यांनी तो पुन्हा अंथरुणाला खिळला, आणि खरं निदान दुसऱ्याच गावी, दुसऱ्याच डॉक्टरनं केलं. माणूस रोज जनावरांत वावरत होता आणि मी त्याला जनावरांबद्दल एक प्रश्नही विचारला नव्हता.

या आजाराचं जुनं नाव ‘माल्टा फीवर’. आमच्या पाठ्यपुस्तकात ते कंसात असायचं आणि परीक्षेपुरतं आम्ही ते पाठ करायचो. त्या नावामागची हकीकत मी फार उशिरा वाचली. दूध, बंदर, लष्कर आणि अन्नतपासणी यांची ती हकीकत आहे, आणि आपल्याला वाटते तितकी लांबची नाही.

माल्टा हे भूमध्य समुद्रातलं चिमुकलं बेट, सिसिली आणि आफ्रिकेचा किनारा यांच्यामधलं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते इंग्रजांकडे आलं आणि 1964 पर्यंत राहिलं. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर लंडन-मुंबई जलमार्गावरचा तो मोठा थांबा झाला. 1878 मध्ये रशियाशी युद्ध पेटण्याची चिन्हं दिसताच इंग्रज सरकारनं सुमारे सात हजार हिंदी फौज मुंबईहून बोटीनं थेट माल्टाला नेली होती. तिच्यात मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. तिथलं व्हॅलेटा बंदर म्हणजे आरमाराचा तळ. हजारो सैनिक आणि खलाशी, आणि दर उन्हाळ्यात त्यांच्यातले शेकडो तापानं आडवे. हा ताप फारसा जीवघेणा नव्हता, शंभरातले दोनेक दगावत. पण माणूस दोन-तीन महिने रुग्णालयात पडून राही, बरा होऊन पुन्हा पडे आणि शेवटी निकामी ठरून मायदेशी जाई. लष्कराच्या हिशेबात असा ताप मरणापेक्षा महाग पडतो.

1884 मध्ये डेव्हिड ब्रूस हा लष्करी डॉक्टर तिथे आला. लग्न नुकतंच झालेलं, आणि पत्नी मेरी सूक्ष्मदर्शकाच्या कामात त्याच्या बरोबरीची. 1887 मध्ये त्यानं या तापानं मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून एक अगदी बारीक जंतू वेगळा करून वाढवला. जोसेप कारुआना-शिक्लुना या माल्टाच्याच डॉक्टरची त्याला या कामात मदत होती. जंतू सापडला, त्याला नावही मिळालं. पण तो माणसाच्या शरीरात शिरतो कुठून, हे पुढची अठरा वर्षं कळलं नाही.

या अठरा वर्षांत संशय कुणाकुणावर घेतला गेला, ते वाचण्यासारखं आहे. बंदराच्या पाण्यात शहराची गटारं सुटत आणि उन्हाळ्यात दुर्गंधी सुटे, म्हणून आधी बंदराच्या हवेला दोष. मग पिण्याच्या पाण्याला, मग धुळीला, मग डासांना. डासांवरचा संशय अगदीच अप्रस्तुत नव्हता, कारण मलेरिया डासांमुळे पसरतो हे रोनाल्ड रॉसनं नुकतंच हिंदुस्थानात दाखवलं होतं. कोडं मात्र वेगळंच होतं. अस्वच्छ बराकीत राहणाऱ्या साध्या शिपायांपेक्षा स्वच्छ बंगल्यांत राहणाऱ्या अधिकाऱ्यांना हा ताप जास्त होई. पाय मोडला म्हणून रुग्णालयात दाखल झालेला खलाशी तिथून हा ताप घेऊन बाहेर पडे. घाणीतून येणारा आजार स्वच्छ खाटेवर का यावा?

1904 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं यासाठी एक आयोग नेमला. त्यात लष्कर आणि आरमाराचे डॉक्टर होते, आणि माल्टाचा एक स्थानिक डॉक्टरही होता, थेमिस्टोक्लीस झामिट. झामिट सार्वजनिक आरोग्य खात्यात होता. पाणी, दूध, बाजारातले खाद्यपदार्थ यांची रासायनिक तपासणी हे त्याचं नेहमीचं काम. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर अन्न तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेतला माणूस.

माल्टात तेव्हा गाईचं दूध थोडं, शेळीचंच मुबलक. बेटाची वस्ती दोन लाखांच्या आसपास आणि शेळ्या वीस हजारांच्या, म्हणजे दर दहा माणसांमागे एक. गवळी सकाळ-संध्याकाळ शेळ्यांचा कळप घेऊन शहरात शिरे, दारोदार थांबे आणि गिऱ्हाइकाच्या भांड्यात त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून देई. गिऱ्हाईक वरच्या मजल्यावर असेल तर शेळी जिना चढून वर जाई. यात मागासलेपण मुळीच नव्हतं. दुधात पाणी घालण्याच्या धंद्यावर लोकांनी शोधलेला तो उपाय होता. डोळ्यांसमोर काढलेल्या धारेत भेसळ कशी होणार? दुधाचा घट्टपणा मोजणारा सरकारी तपासनीसही असं दूध उत्तमच ठरवी.

कोल्हापूरकरांना हे चित्र ओळखीचं वाटेल. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार निघते आणि फेसाळलेला पेला तिथल्या तिथे रिकामा होतो. धारोष्ण हा शब्दच आपल्या भाषेत किती कौतुकानं येतो! त्या कट्ट्यावरच्या पेल्यामागे जो विश्वास आहे, तोच माल्टाच्या जिन्यावर होता. मला त्या विश्वासाची टिंगल करायची नाही. पिशवीतल्या दुधाच्या भेसळीच्या बातम्या मीही वाचतो. पण पाणी घातलेलं नसणं ही एक गोष्ट आणि जंतू नसणं ही अगदी वेगळी गोष्ट.

1905 च्या जून महिन्यात झामिटला प्रयोगासाठी जनावरं हवी होती. आयोगाचे प्रयोग माकडांवर चालत आणि माकडं महाग पडत. शेळी स्वस्त. शेळ्यांना हा ताप होत नाही, अशी सर्वांची समजूत होती. तरी करून बघावं म्हणून त्यानं सहा शेळ्या घेतल्या. शिस्तीचा माणूस, त्यामुळे जंतू टोचण्याआधी त्यांचं रक्त तपासलं. 1897 मध्ये इंग्लंडमध्ये या तापासाठी रक्ताची एक सोपी चाचणी निघाली होती: रुग्णाच्या रक्तातला पातळ भाग जंतूंच्या द्रावणात मिसळला की जंतूंच्या गुठळ्या होतात. आपल्या विडालचीच ही चुलत बहीण. सहापैकी पाच शेळ्यांच्या रक्तानं गुठळ्या केल्या. प्रयोग अजून सुरूही झाला नव्हता. शेळ्या तर धडधाकट होत्या, चारा खात होत्या, दूध देत होत्या.

थोड्याच दिवसांत आयोगातल्या हॉरॉक्स या लष्करी डॉक्टरनं शेळीच्या दुधातून खुद्द जंतू वाढवून दाखवला. मग बेटावरचे कळप तपासले. सुमारे निम्म्या शेळ्यांना संसर्ग झालेला आणि दहातली एक दुधातून जंतू सोडणारी. ते दूध पाजलेली माकडं तापानं पडली. अधिकारी का आजारी पडत, याचा उलगडा झाला: दूध विकत घेण्याची ऐपत त्यांची जास्त. पाय मोडलेला खलाशी का आजारी पडे, याचाही झाला: अशक्तपणावर उतारा म्हणून रुग्णालयात त्याला रोज दूध मिळे. आमच्या वॉर्डातही रुग्णाला दूध मिळतं. ही गोष्ट वाचल्यावर मी पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात जाऊन ते उकळतात कसं ते पाहून आलो. उकळतात, अगदी नीट.

त्याच सुमाराला एक प्रयोग समुद्रावर आपोआप घडला. अमेरिकेच्या कृषी खात्याला माल्टाच्या भरपूर दूध देणाऱ्या शेळ्यांची जात हवी होती. 1905 च्या ऑगस्टमध्ये ‘जोशुआ निकल्सन’ नावाच्या बोटीवर 65 शेळ्या चढल्या. निरोगी दिसत होत्या, म्हणून परवानगी मिळाली होती. दूध मुबलक, बोटीवरच्या लोकांनी वाटेत ते कच्चंच, मनसोक्त प्यायलं. बोट पुढे गेल्यावर एकेक जण तापानं पडू लागला. शेळ्या अमेरिकेत पोचल्या, पण त्यांना विलगीकरणातच ठेवावं लागलं आणि शेवटी त्या नष्ट केल्या गेल्या. बंदरातून जनावर बाहेर पाठवताना नुसतं डोळ्यांनी तपासणं किती अपुरं आहे, याचं याहून बोलकं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

1906 च्या उन्हाळ्यात आरमारानं आणि लष्करानं शेळीचं कच्चं दूध बंद केलं. बराकीत आणि रुग्णालयांत डब्यातलं आटवलेलं दूध आलं. 1905 मध्ये लष्करातल्या रुग्णांची संख्या सहाशेच्या वर होती. 1907 मध्ये उरले मूठभर. ना औषध, ना लस, ना गटारांची दुरुस्ती, नुसतं दूध बदललं. जिब्राल्टर या दुसऱ्या इंग्रजी बंदरातला ताप त्याआधीच ओसरला होता. तिथे माल्टाच्या शेळ्या येणं कमी होत गेलं, तसा तापही गेला, हे कागदपत्रं चाळताना मागाहून ध्यानात आलं.

आरोग्यशास्त्राची पुस्तकं बहुधा इथेच थांबतात. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. हुकूम सैनिकांसाठी होता. शिपायाचं दूध बंद करायला एक कागद पुरतो. बेटावरच्या सामान्य माणसांचं काय? त्यांच्या तापाचा आकडा त्या वर्षांत फारसा हलला नाही. त्यांना उकळून प्या असं सांगण्यात आलं, पण जळण महाग, आणि उकळलेल्या दुधाची चव त्यांना रुचत नसे. शेळी हीच ज्याची मालमत्ता, त्या गवळ्याला आपली धडधाकट दिसणारी, भरपूर दूध देणारी शेळी रोगी आहे, हे पटणं कठीण होतं. पटलं तरी तिचं करायचं काय, हा प्रश्न उरतच होता. झामिटला आपल्याच लोकांत अविश्वास पचवावा लागला. श्रेयाचा मोठा वाटा ब्रूसकडे गेला आणि पुढे जंतूलाही नाव त्याचंच मिळालं, ब्रुसेला. झामिट नंतर पुरातत्त्वाकडे वळला, हाल साफलिएनी आणि टार्शिएनच्या प्रागैतिहासिक अवशेषांवर त्यानं मोठं काम केलं आणि 1930 मध्ये त्याला ‘सर’ किताब मिळाला. पर्यटक आज त्याला त्या दगडांसाठी ओळखतात.

माल्टात दुधाचं निर्जंतुकीकरण करणारं केंद्र उघडायला 1938 साल उजाडलं. म्हणजे कारण कळल्यापासून तेहतीस वर्षं. त्यानंतर शहरांतून शेळ्यांची फेरी थांबवण्यात आली आणि मग नागरिकांचा ताप उतरू लागला. तरी 1995 मध्ये घरगुती ताज्या चीजमधून शंभराहून अधिक लोकांना तो पुन्हा झालाच.

आता आपल्याकडे. दूध उकळण्याची आपली सवय ही आरोग्य खात्याच्या कोणत्याही मोहिमेपेक्षा मोठी मोहीम आहे, आणि ती आपल्या आज्या-पणज्यांनी चालवली. दूध नीट उकळलं की ब्रुसेला मरतो. डेअरीतल्या पाश्चरायझेशननंही मरतो. म्हणून शहरात दुधातून हा आजार होणं तुलनेनं विरळा. आपल्याकडे तो मुख्यत्वे शिरतो हातांतून. शेळी, मेंढी, गाय, म्हैस गाभडते तेव्हा त्या गर्भात, पाण्यात आणि वारेत जंतू अक्षरशः खच्चून भरलेले असतात. उघड्या हातानं वार काढणारा शेतकरी, गोठा झाडणारी बाई, पशुवैद्यक, खाटीक, हे या आजाराचे खरे गिऱ्हाईक. हाताला बारीकशी जखम असली तरी पुरते. जनावर पुढच्या वेळी कदाचित नीट वितं, म्हणून घरचे विसरून जातात. जंतू मात्र त्याच्या अंगात आणि दुधात राहतात.

माणसात लक्षणं एका आठवड्यात दिसतील किंवा दोन महिन्यांनी. ताप, घाम, कंबरदुखी, थकवा, पुरुषांत कधी वृषणाची सूज, आणि मनाची एक विचित्र उदासी, जिला घरचे आळस समजतात. दुखणं कुठेही डोकावतं, म्हणून हाडांच्या डॉक्टरपासून मनोविकारतज्ज्ञापर्यंत कुणाकडेही रुग्ण जाऊ शकतो. उपचार आहेत, चांगले आहेत, पण दोन औषधं एकत्र आणि किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. पंधराव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडली की ताप परततो. जनावरं असलेल्या घरात दोन आठवड्यांहून लांबलेला ताप असेल, तर डॉक्टरनं विचारण्याची वाट पाहू नका. कुठली गाभडली, वार कुणी काढली, कच्चं दूध कोण पितं, हे आपण होऊन सांगा. गाभडलेलं जनावर हाताळताना लांब हातमोजे घाला. गर्भ आणि वार उकिरड्यावर न टाकता, कुत्र्यांच्या तोंडी न देता, चुना टाकून खोल पुरा. गरोदर बाईनं तर त्या कामाला हातच लावू नये.

2019 पासून देशभर लाळ्या खुरकुत आणि ब्रुसेलोसिस यांच्या नियंत्रणाचा केंद्र सरकारचा कार्यक्रम सुरू आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना आयुष्यात एकदाच ब्रुसेलोसिसची लस दिली जाते. लस जिवंत जंतूंची असल्यामुळे ती प्रशिक्षित माणसानंच टोचायची. टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर टोचणाराच आजारी पडू शकतो, आणि पशुवैद्यकांत असे रुग्ण आढळतात. कालवडीला लस मिळाली का, हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावं. मात्र या कार्यक्रमातली ही लस गाई-म्हशींच्या मादी वासरांसाठी आहे, शेळ्या-मेंढ्यांसाठी नाही. ज्या जनावरापासून हा सारा शोध लागला आणि ज्याच्या जंतूची जात माणसाला सर्वांत जास्त छळते, ते जनावर अजून रांगेत मागे उभं आहे. गरिबाची गाय म्हणून शेळीचं कौतुक करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

आमचा रुग्ण पंधरा दिवसांनी तपासणीला आला. ताप नव्हता, पाच पायऱ्या न धरता चढला. घरातल्या सगळ्यांचं रक्त आम्ही तपासून घेतलं होतं, त्यात त्याच्या आईची तपासणीही ब्रुसेलासाठी पॉझिटिव्ह आली. म्हातारी वर्षभर ‘वाताचं दुखणं’ म्हणून तेल चोळून घेत होती. शेळ्यांच्या रक्ताचे नमुने पशुवैद्यकीय दवाखान्यातून तपासणीसाठी गेले होते, त्यांचे निकाल यायचे होते.

जाताना तो दारातून परतला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘साहेब, शेळ्या पण पॉझिटिव्ह निघाल्या तर सोमवारच्या बाजारात काढू का?’’

नको, असं मी सांगितलं आणि का नको तेही सांगितलं: ती शेळी दुसऱ्या कुणाच्या तरी दारात बांधली जाईल, त्या घरी पोरंबाळं असतील. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘ते कळलं. पण दहा-बारा हजारांची एक शेळी. तिचं करू काय, ते पण सांगा.’’ पशुवैद्यकांना फोन लावून देतो, असं मी म्हणालो आणि तिथेच लावला. तालुक्याला बैठकीला गेले होते, संध्याकाळी बोलतो म्हणाले. पाचच्या एसटीला वेळ होत होता, म्हणून तो निघाला.